जुनी गाडी: पूर्ण खोलून नव्यासारखी करावी, की आहे तशी जपावी?

संथ_वाहन
नमस्कार मंडळी. बराच काळ नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

काकांची मॉरिस मायनर माझ्याकडे आली आहे. १९५४ ची, सिरीज टू. म्हणजे ८०३ सीसीचं इंजिन आणि पुढची काच मधोमध पट्टी असलेली, दोन तुकड्यांची. वर्षानुवर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन फिरत नाही. ब्रेकचं पेडल दाबलं की थेट तळाला जातं. पण रंग कारखान्यातून आलेलाच आहे, फिकट हिरवा. छपरावर विटलाय. ड्रायव्हरच्या दारावर काकांचं कोपर टेकायचं तिथे तर इतका झिजलाय की खालचा प्रायमर दिसतो. सीटचं लेदर तडकलंय, फाटलेलं मात्र नाही.

दोन जाणकारांना दाखवली. एक म्हणाले, सगळी खोल, पत्रा उघडा कर, नव्यासारखी बनव. दुसरे म्हणाले, रंगाला हात लावलास तर माझ्याशी बोलू नकोस.

मला गाडी चालवायची आहे, कुठे मांडून ठेवायची नाही. माझा कल जपण्याकडे आहे, पण तो आळसातून आलाय की विचारातून, हे माझं मलाच ठरवता येईना. तुम्ही काय केलं असतंत?

पाना_नंबर_१३
अभिनंदन! फोटोशिवाय गाडीचा धागा इथे फाऊल धरतात, तेवढं बघा.

भंगारातलं_सोनं
खोला. दुसरा विचारच नको.

मायनरला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे पत्रा सडला तर फक्त दिसायला वाईट असं नसतं, गाडीची ताकदच जाते. मागच्या पाट्यांचे हँगर, पुढच्या सीटखालचा आडवा क्रॉसमेंबर, दाराखालच्या सिल्स, या तीन जागी मायनर आतून सडते आणि वरून काही कळत नाही. मी अशा गाड्या पाहिल्यात की वरून रंग झकास आणि जॅक लावला की तो सिलच्या आत घुसतो. वरचा रंग जपत बसलात तर आतला गंज कसा काढणार? वेल्डिंग केलं की आजूबाजूचा रंग जळणारच. मग अर्धा जुना, अर्धा नवा, ठिगळ लावलेला. त्यापेक्षा एकदाच काय ते करा. पुढची तीस वर्षं बघायला नको.

जीर्णोद्धार_नको
भंगारातलं_सोनं यांच्याशी ठाम असहमत, अगदी आदरपूर्वक.

नवा रंग कधीही देता येतो. आज नाही तर दहा वर्षांनी द्या. पण कारखान्याचा रंग एकदा घासून काढला की तो परत आणायची सोय कुठेच नाही. जुन्या गाड्यांच्या संघटनांची जागतिक संघटना आहे, फिवा, १९६६ पासूनची. त्यांची ट्युरिन सनद वाचा. तिचा रोख असा की आधी जपणूक, ती शक्य नसेल तिथे दुरुस्ती, आणि संपूर्ण पुनर्बांधणी अगदी शेवटी. बदललेल्या भागांवर नजरेत न भरणारी पण कायमची खूण करा, असंही त्यात सांगितलंय, म्हणजे पुढच्या माणसाला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळेल. आपण गाडीचे मालक खरे, पण आपल्यानंतरही ती कोणाकडे तरी जाणार आहे.

अमेरिकेत पेबल बीचला जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे तर न रंगवलेल्या, जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्गच असतो. चकचकीत गाड्या पुष्कळ झाल्या. विटलेली, खरी गाडी दुर्मीळ झालीय.

भंगारातलं_सोनं
पेबल बीचला जाणाऱ्या गाड्या ट्रेलरवर बसून जातात हो. धागाकर्त्यांना गाडी चालवायचीय.

चक्रधर
*पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत*

लेथमास्तर
रंगाचं भांडण चालू द्या. तोवर इंजिनाकडे बघू, कारण हे लोक तीन पानं भांडतील आणि पिस्टन तिथेच जाम राहील.

सगळ्यात आधी: स्टार्टर मारू नका आणि गाडी ओढून सुरू करायच्या फंदात पडू नका. जाम पिस्टनवर जोर दिला की रिंगा तुटतात आणि सिलिंडरला चरे पडतात. चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून थोडं थोडं सोडा. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा शेडची दारं उघडी आणि बिडी बाहेर. मग विसरून जा. दर दोन-तीन दिवसांनी थोडं वरून घाला. या कामात घाई करणारा हरतो.

दरम्यान रॉकर कव्हर काढा आणि सगळे व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते बघा. पुष्कळदा पिस्टन मोकळा होतो पण एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. अशा वेळी क्रँक फिरवला की पुशरॉड वाकतो. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हाताने पुढे-मागे हलकेच झुलवा. एक दिवस चाकाला अगदी बारीक 'टक' जाणवेल आणि मग फॅन हलताना दिसेल. त्या क्षणाला ओरडावंसं वाटतं. ओरडा, पण झुलवणं थांबवू नका.

सुटलं म्हणून लगेच चालू करायचं नाही. संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवून तळातला चिखल काढा, नवं तेल भरा, आणि प्लग काढलेले असतानाच स्टार्टरने फिरवा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मायनरला पुढून हँडल लावता येतं. ते वापरलंत तर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलला विळखा घालू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जायबंदी होतो.

संथ_वाहन
लेथमास्तर, दंडवत. वाचनखूण साठवली. प्लग आजच काढले. तीन सरळ निघाले, चौथ्याला घाम काढावा लागला. मिश्रण घातलंय.

@भंगारातलं_सोनं, सिल खरंच सडलीय की नाही हे रंग न काढता कसं ओळखायचं?

भंगारातलं_सोनं
चुंबक. साधा, हलका चुंबक पातळ कापडात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही, आणि सिलवरून हळूहळू फिरवा. पत्रा असेल तिथे चिकटतो, लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली असेल तिथे गळून पडतो. नंतर गाडीखाली शिरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज टणटणीत येतो, सडलेल्याचा भद्द. आतली कार्पेट उचलून सीटखालचा क्रॉसमेंबर बघायला विसरू नका.

आणि हो, पुढच्या चाकांचे खालचे ट्रनियन. आटे असलेला भाग आहे तो, ग्रीस न मिळाल्यास आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं. मायनरचं हे दुखणं जगजाहीर आहे. रंग जपा नाहीतर काढा, ट्रनियन आधी बघा.

जीर्णोद्धार_नको
या प्रतिसादाला +१. इथे आमचं पूर्ण एकमत.

चक्रधर
अरेरे. पॉपकॉर्न वाया.

मोटारवेडी
ब्रेकबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून माझा हा आग्रह. इंजिन सुरू झालं की माणूस लगेच एक चक्कर मारायला निघतो. थांबायची सोय आहे का, हे चक्कर निम्मी झाल्यावर आठवतं.

मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, सांगाड्याच्या खाचेत बसवलेला आहे. बोल्ट काढायला गेलं की टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंगसारखा पीळ घेणारी दांडी, आडवा येतो. ज्याने हे डिझाइन केलं त्याला स्वतःला कधी ते काढावं लागलं नसणार. तरी काढाच. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या, सगळं. नेहमीचं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि इतकी वर्षं उभ्या गाडीत त्या पाण्याने सिलिंडरच्या भिंतीला आतून खड्डे पाडलेले असतात. नुसते रबर बदलले तर चार दिवसांत परत गळती. सील पेट्रोलने किंवा साध्या ऑईलने धुऊ नका, रबर फुगतं. आणि ब्रेक ऑईलच्या प्रकारांपैकी डॉट ४ मध्ये डॉट ५ मिसळू नका. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, तर डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचं. ही नावं कोणी ठरवली, देव जाणे.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

पाना_नंबर_१३
मोटारवेडी यांचा प्रतिसाद छापून शेडच्या दारावर लावावा असा आहे.

अर्धवटराव
मला एक तात्त्विक शंका. समजा इंजिन बदललं, मग पत्रा बदलला, मग सीट, मग वायरिंग. तर ती काकांचीच गाडी राहते का? कुऱ्हाडीचं पातं दोनदा बदललं, दांडा तीनदा, तरी कुऱ्हाड आजोबांचीच, त्यातली गत.

दिवाणी_दावा
अर्धवटराव, तुमच्या शंकेवर खरोखर खटला झालाय. १९९० साली, इंग्लंडमध्ये.

बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' नावाची स्पीड सिक्स. १९२९ आणि १९३०, लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मां ही २४ तासांची शर्यत जिंकलेली. शर्यतींच्या काळात आणि नंतरही तिचे भाग इतक्या वेळा बदलले गेले की १९२९ मध्ये ल मांला धावलेलं फारसं काही तिच्यात उरलं नव्हतं. पुढे तिचा मोठा सौदा ठरला. विकत घेणारा म्हणू लागला, ही ती गाडीच नव्हे, मी पैसे देणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं: ही गाडी कधीच 'संपली' आणि मग कोणी तिची नक्कल उभी केली, असं झालेलं नाही. एकच गाडी सलग जगत आली आणि जगताना बदलत गेली. म्हणून ती अस्सल. विकणारा जिंकला.

अवांतर: मायनर जन्मतःच कापलेली आहे. नमुना तयार झाल्यावर तिचे रचनाकार इसिगोनिस यांना ती फार अरुंद वाटली. त्यांनी ती उभी चिरून घेतली आणि दोन्ही अर्धे एकमेकांपासून सरकवत डोळ्यांना बरं वाटेपर्यंत रुंद करून पाहिले. चार इंच भरले. बॉनेटच्या मधोमध जो सपाट पट्टा दिसतो तो त्या चार इंचांचा. सुरुवातीचे बंपर तर आधीच तयार झाले होते, तेही मधोमध कापून जोड लावले.

अर्धवटराव
वा! म्हणजे मूळ गाडीलाच ठिगळ आहे. जीर्णोद्धार_नको, आता बोला.

जीर्णोद्धार_नको
ते ठिगळ कारखान्याने लावलंय, म्हणून तेही जपा. :)

आणि टोकाचं उदाहरण हवं असेल तर १९२५ ची बुगाटी टाइप २२. इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळातून २००९ साली वर काढली. कित्येक दशकं पाण्यात राहून एक बाजू गंजून जवळपास नाहीशी झालेली. ती विकत घेऊन कॅलिफोर्नियातल्या मुलिन संग्रहालयाने दुरुस्त केली नाही, तळातून निघाली तशी मांडली. बुगाटी नव्यासारख्या करून ठेवलेल्या जगात खूप आहेत, पण लोक थबकायचे ते हिच्यापुढे.

भंगारातलं_सोनं
तिच्यात बसून बाजारात जाऊन दाखवा.

आणि कारखान्याचा रंग कारखान्याचा रंग काय चाललंय मघापासून! फोर्ड मॉडेल टी 'काळ्याच रंगात मिळायची' म्हणून लोक डोळे मिटून काळ्या रंगवतात. नुसता काळा १९१४ ते १९२५ होता. त्याआधीच्या गाड्या हिरव्या, लाल, राखाडी होत्या. नंतरही रंग परत आले. नीट अभ्यास करून दिलेला नवा रंग हाही इतिहासच की.

मोटारवेडी
सहमत, आणि क्रोमचंही तेच. क्रोमचा मुलामा गाड्यांवर सर्रास आला १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेल होतं, किंचित पिवळसर, उबदार चमक असलेलं. १९२० च्या आसपासच्या गाडीवर निळसर झगमगणारं क्रोम दिसलं की मला त्या गाडीजवळून पुढे जाववत नाही. मालकाला सांगावं की नाही या विचारात तिथेच घुटमळते.

नवशिका_मेकॅनिक
एक बाळबोध प्रश्न. लहान गंजलेले भाग (ब्रॅकेट, बिजागऱ्या, नट) साफ करायला धुण्याच्या सोड्यात वीज सोडतात म्हणे. घरी करता येतं का?

लेथमास्तर
येतं. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण बाजू तुमच्या भागाला, धन बाजू लोखंडाच्या भंगार तुकड्याला. उलटं जोडलंत तर तुमचा चांगला भाग खाऊन टाकेल. स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा. अ‍ॅल्युमिनियमचा भाग टाकला तर सोडा तो खातो. स्प्रिंगाही नकोत, पोलादात हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात.

वीज नको असेल तर एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, त्यात भाग बुडवून दोन-तीन आठवडे ठेवा. गंज निघतो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. वास मात्र असा की घरात तुमचीच रवानगी शेडमध्ये होईल.

चक्रधर
तशी ती जुनी गाडी घेतली त्याच दिवशी झालेली असते.

पाना_नंबर_१३
पान्यांवरून आठवलं. जुन्या इंग्लिश गाड्यांना व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचे पाने लागतात, नंतरच्यांना इंची एएफ, बाकी जगाला मेट्रिक. पण खरी गंमत जुन्या मॉरिस इंजिनांची. आटे फ्रेंच मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थच्या मापाची! कारण ती इंजिनं आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात बनायची. यंत्रसामग्री मेट्रिक, गिऱ्हाइकाकडचे पाने इंग्लिश, मग काय करणार. पाना बसला म्हणून बाजारातला कुठलाही बोल्ट पिळू नका, ब्लॉकमधले आटे जातील.

जीर्णोद्धार_नको
धाग्याचा गाडा बराच भरकटला, मूळ प्रश्नाकडे येतो. भंगारातलं_सोनं यांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: सांगाडा सडला असेल तर जपण्यासारखं काही उरतच नाही. पण सांगाडा सडलाय म्हणून दारं, बॉनेट आणि छप्परही खरवडा, हे त्यातून निघत नाही. सिल आणि फ्लोअर बहुतेक खालूनच दिसतात. तिथे कापा, नवा पत्रा जोडा, तेवढाच भाग रंगवा. शेजारच्या रंगावर ओल्या चिंध्या ठेवून थोडं थोडं वेल्डिंग केलं की उष्णता पसरत नाही. हे काम जमणारा कारागीर मिळणं कठीण, हे मात्र खरं. पूर्ण रंगकाम करणारे पुष्कळ, 'एवढंच करा आणि थांबा' हे ऐकणारे फार थोडे. माझ्या ओळखीतल्या एका गाडीचा फक्त मडगार्ड रंगवायला द्यायचा होता. रंगवाल्याने 'बाकी वाईट दिसत होतं म्हणून' सगळी गाडी रंगवून दिली, वर हसतमुखाने.

भंगारातलं_सोनं
हे मानलं. फ्लोअर, सिल, ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग यात तडजोड नको. वरच्या पत्र्याचं संथ_वाहन यांनी ठरवावं. मी असतो तर रंगवली असती, पण मला चकचकीत आवडतं, हा माझा दोष नाही.

मोटारवेडी
चालवायचीच आहे तर आणखी थोडं.

व्हॉल्व्ह सीट: या इंजिनात त्या थेट हेडच्या बिडातच कापलेल्या असतात. पेट्रोलमधलं शिसं त्यांच्यावर थर धरून एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला झीज होऊ देत नसे. २०२१ मध्ये अल्जीरियानेही शिसं थांबवलं आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल जगातून संपलं. सावकाश, थोडं चालवणार असाल तर लगेच काही बिघडत नाही. हेड कधी ना कधी उघडलंत की कडक पोलादाच्या सीट बसवून घ्या. इथेनॉल असलेलं पेट्रोल वापरायचं तर जुन्या रबरी नळ्या आधीच बदला, आतून सुटतात आणि त्याचा चुरा कार्बोरेटरमध्ये जातो.

पेट्रोल पंप: मागे नाही, पुढेच आहे, विजेवर चालणारा एसयू. किल्ली फिरवली की टिक-टिक-टिक वाजून थांबला पाहिजे. गप्प बसला तर आतले पॉइंट काळवंडलेत. पान्याच्या मुठीने हलकी टिचकी द्या, बहुतेक वेळा जागा होतो. कायमचा इलाज पॉइंट साफ करणं. टिचकी फक्त घरी पोचण्यापुरती.

आणि बॅटरी लावताना जपून. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली. सवयीने उलटी लावाल.

नवशिका_मेकॅनिक
मधल्या खांबातून बाहेर येणारा तो केशरी हातवाला इंडिकेटर ठेवायचा का? मागचे लोक ओळखत नाहीत म्हणे.

दिवाणी_दावा
ठेवायचा, आणि सोबत लुकलुकणारे दिवेही लावायचे, मूळ पत्र्याला भोक न पाडता, उद्या काढता येतील असे. जपणारे आणि रंगवणारे दोघेही ज्यावर भांडत नाहीत अशी ही एकच गोष्ट: जो बदल करायचा तो परत फिरवता यावा. एलईडी दिवे घेणार असाल तर पॉझिटिव्ह अर्थला चालणारेच घ्या.

संथ_वाहन
सगळ्यांचे आभार. ताजी खबर: इंजिन मोकळं झालं. टॉप गिअरला झुलवताना 'टक' झालं आणि मी लेथमास्तरांच्या आज्ञेप्रमाणे ओरडलो.

चुंबक फिरवला. डावी सिल ठीक. उजव्या सिलमध्ये वीतभर लांबी भरलेली निघाली, आणि त्याच बाजूचा क्रॉसमेंबर टोकाला सडलाय. पाट्यांचे हँगर चांगले आहेत. तर ठरलं असं: खालचं सगळं कापून नीट करायचं, ब्रेक आणि ट्रनियन पूर्ण नवे, वायरिंग कापडी वेष्टनाचंच पण नवं. वरचा रंग राहू द्यायचा, धुऊन मेण लावायचं, बस. नव्या सिलच्या आतल्या बाजूला वर्ष ठोकून ठेवणार आहे, सनदेप्रमाणे.

आता मास्टर सिलिंडर काढायला घेतोय. टॉर्शन बार सोडवण्याआधी काही काळजी?

लेथमास्तर
हो. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. बार पीळ घेऊन बसलेला असतो, तो पीळ पूर्ण उतरल्याशिवाय बोल्ट काढू नका, हात मोडेल. आणि सोडवण्याआधी बारच्या टोकावर आणि त्याच्या लिव्हरवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून घ्या. तिथे दाते आहेत. एक दात इकडे-तिकडे बसला की गाडी एका बाजूला कलते, आणि मग सगळं परत उघडावं लागतं. डाव्या-उजव्या बारांची अदलाबदलही करू नका, इतकी वर्षं ते आपापल्या दिशेने पीळ घेत आलेत.